पडद्याआडचा वैद्य

(नभोवाणीवरील व्याख्यान)

शरीरास जखम झाली म्हणजे ती आपण दुसऱ्यास दाखवितों. मनास झाली म्हणजे ती झांकून ठेवतों. घरांत कोणास ताप आला तर शेजारीपाजारी काढा घेऊन येतात. परंतु झोंप उडाली, जगण्यांतील गोडी गेली, अकारण धास्ती वाटूं लागली, तर माणूस प्रथम दाराला आंतून कडी घालतो. ‘लोक काय म्हणतील’ या तीन शब्दांनीं जितके रोगी वैद्यापासून दूर ठेवले आहेत, तितके अंतरानें किंवा दारिद्र्यानेंही ठेवले असतील कीं नाहीं, याची शंकाच वाटते.

हल्लीं असा मनुष्य रात्रीं एकटाच यंत्रासमोर बसतो आणि इंटरनेटवर एखाद्या अनोळखी समुपदेशकाजवळ मन मोकळें करतो. कोणी म्हणतात, हा मोठाच दिलासा आहे. कोणी म्हणतात, ज्यानें रोग्याचें तोंडही पाहिलें नाहीं तो वैद्य कसला? दोन्ही पक्ष एक गोष्ट मात्र धरून चालतात, ती ही कीं, हा सारा प्रकार अगदीं नवा आहे. वास्तविक न दिसणाऱ्या वैद्याचा इतिहास शंभर वर्षांहून जुना आहे, आणि त्याचें एक महत्त्वाचें पान मराठींत लिहिलेलें आहे. तो इतिहास पाहिला म्हणजे या नव्या साधनांत विश्वास कशावर ठेवावा व सावध कोठें राहावें, हें पुष्कळसें उमगतें.

आधुनिक मानसोपचाराचें नांव काढलें कीं सिग्मंड फ्रॉइड आठवतात. रोगी कोचावर पडलेला, आणि फ्रॉइड त्याच्या उशाशीं, त्याच्या दृष्टीआड बसलेले, अशी त्यांची पद्धति होती. म्हणजे आरंभापासूनच वैद्याचा चेहरा या उपचारांत आवश्यक मानलेला नव्हता. १९०९ सालीं त्यांनीं व्हिएन्ना येथील एका पांच वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. घोडा चावेल या भीतीनें तो रस्त्यावर येईनासा झाला होता. मुलाचें बोलणें व त्याचीं स्वप्नें त्याचे वडील टिपून फ्रॉइडना कळवीत आणि पुढें काय करावें याचा सल्ला घेत. त्या सबंध उपचारांत वैद्यानें मुलास समक्ष पाहिलें तें एकदांच. फ्रॉइडनीं त्या भीतीचा लावलेला अर्थ पुढील पुष्कळ संशोधकांनीं मान्य केला नाहीं, तो प्रश्न निराळा; परंतु दुरून मनाचा उपचार करण्याचा हा यत्न खुद्द या शास्त्राच्या जनकानें केलेला आहे.

आतां महाराष्ट्राकडे वळूं. महर्षि अण्णासाहेब कर्वे यांचे ज्येष्ठ चिरंजीव रघुनाथ धोंडो कर्वे हे गणिताचे प्राध्यापक. १९२१ सालीं त्यांनीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र काढलें, आणि आपल्या मतांपायीं त्यांना प्राध्यापकाची नोकरी सोडावी लागली. जुलै १९२७ मध्यें त्यांनीं ‘समाजस्वास्थ्य’ हें मासिक सुरू केलें. त्यांत वाचकांच्या प्रश्नांना उत्तरें देण्याचा प्रघात होता. जो प्रश्न वडिलांस विचारतां येत नाहीं, पत्नीजवळ काढतां येत नाहीं, घरच्या डॉक्टरापुढें तोंडांतून फुटत नाहीं, तो कागदावर उतरवून टपालपेटींत टाकतां येतो. गणिती मनुष्य जशीं उत्तरें देईल तशींच तीं उत्तरें असत: थोडक्यांत, रोखठोक, आणि विचारणाराची लाज न काढतां. ज्या काल्पनिक पापाच्या ओझ्याखालीं एखादा तरुण वर्षानुवर्षें झुरत असे, तें ओझें चार ओळींत उतरावें, असा हा व्यवहार होता.

समाजाला तो मानवला नाहीं. हस्तमैथुन, समलिंगी आकर्षण अशा विषयांवरील प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून १९३४ सालीं कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं त्यांचें वकीलपत्र घेतलें. खटला ते हरले. मासिक मात्र कर्व्यांनीं अखेरपर्यंत चालविलें. १४ ऑक्टोबर १९५३ रोजीं त्यांचें निधन झालें. कर्वे कांहीं मानसरोगतज्ज्ञ नव्हते, आणि तसा त्यांचा दावाही नव्हता. पण नांव न सांगतां विचारतां यावें आणि उत्तर देणारानें न्यायाधीश होऊं नये, या दोन गोष्टींची किंमत त्यांनीं महाराष्ट्राला दाखवून दिली.

योगायोग असा कीं, त्यानंतर एकोणीस दिवसांनीं, २ नोव्हेंबर १९५३ रोजीं, लंडनमधील सेंट स्टीफन वॉलब्रुक या चर्चमध्यें एका टेलिफोनची घंटा वाजली. चॅड व्हारा नांवाचे पाद्री तेथें बसले होते. जगण्यास कंटाळलेल्या माणसानें जीव देण्यापूर्वीं आपणांस टेलिफोन करावा, असें त्यांनीं जाहीर केलें होतें. या कार्याचें मूळ १९३५ सालच्या एका घटनेंत होतें. लिंकन येथें नव्यानेंच धर्मसेवेंत आलेल्या व्हारांना चौदा वर्षांच्या एका मुलीचा अंत्यविधि करावा लागला. पहिला ऋतुस्राव झाला तेव्हां आपणांस कांहीं घाणेरडा रोग जडला असें वाटून तिनें आत्महत्या केली होती. विचारावयास तिला कोणी नव्हतें. ती मुलगी एखाद्या ‘समाजस्वास्थ्या’ला पत्र लिहिती, तर वांचती. पुढें व्हारांनींही एका साप्ताहिकांत लैंगिक शिक्षणाविषयीं लेख लिहिला आणि त्यांच्याकडे व्यथितांच्या पत्रांची रीघ लागली. पत्राचा मार्ग टेलिफोनला जाऊन मिळाला तो असा.

परंतु खरा शोध लागला तो पुढेंच. व्हारांची भेट घेण्यास लोक येऊं लागले, तेव्हां त्यांना बसवून घ्यावयास कांहीं स्वयंसेवक ठेविले होते. ते चहा करून देत आणि समोरचा बोलेल तें ऐकून घेत. थोड्याच महिन्यांत व्हारांच्या लक्षांत आलें कीं, बाहेर चहा घेतां घेतां बोलूनच पुष्कळांचें मन हलकें होतें आणि आंत येण्याची गरजच त्यांना उरत नाहीं. फेब्रुवारी १९५४ मध्यें त्यांनीं टेलिफोन स्वयंसेवकांच्या हातीं दिला. ‘समॅरिटन्स’ ही संस्था उभी राहिली ती उपदेशावर नव्हे, श्रवणावर. ऐकणें ही केवळ सवड नव्हे, ती शिकून घेण्याची विद्या आहे, हें जगानें येथें ओळखलें.

यापुढें यंत्रें झपाट्यानें आलीं. अमेरिकेंतील नेब्रास्का येथील मानसरोगसंस्थेंत १९५९ पासून दुतर्फा दूरचित्रवाणीचे प्रयोग सुरू झाले; १९६४ सालीं ती संस्था ११२ मैलांवरील नॉरफॉक येथील सरकारी रुग्णालयाशीं अशा रीतीनें जोडली गेली. मग १९६६ सालीं मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्यापीठांत जोसेफ वायझेनबाउम यांनीं ‘एलायझा’ नांवाची संगणकप्रणाली प्रसिद्ध केली. तिचें सर्वांत गाजलेलें सोंग मानसोपचारकाचें होतें. रोग्याचेंच वाक्य थोडें फिरवून ती प्रश्नरूपानें परत करी. कळत तिला कांहींच नसे. तरीही माणसें तिच्यापाशीं मन उघडूं लागलीं. वायझेनबाउम यांच्या स्वतःच्या चिटणीस बाईंनींही, प्रणाली कशी तयार झाली हें डोळ्यांनीं पाहिलेलें असतां, तिच्याशीं बोलतांना त्यांना खोलीबाहेर जावयास सांगितलें. नाझी जर्मनींतून बालपणीं परागंदा झालेल्या या गृहस्थांस त्या गोष्टीनें अंतर्मुख केलें. १९७६ सालीं त्यांनीं ग्रंथ लिहून बजावलें कीं, जें काम आपुलकीवांचून होऊंच शकत नाहीं तें यंत्राकडे सोंपवूं नये. हा इशारा शिळा झालेला नाहीं. आज यंत्रें पुष्कळच चतुर झालीं आहेत, असंख्य माणसें त्यांच्याशीं दुःखाच्या गोष्टी बोलतात, आणि २०२५ सालीं अमेरिकेंतील इलिनॉय संस्थानाला कायदा करून यंत्राकडून मानसोपचार करविण्यास बंदी घालावी लागली.

यंत्राच्या पलीकडे माणूसच असेल तेव्हां काय घडतें? १९८६ सालीं कॉर्नेल विद्यापीठानें ‘एझ्रा काकांना विचारा’ असें संगणकावरील सदर काढलें. विद्यार्थ्यानें निनांवी प्रश्न टाकावा, उत्तर सर्वांस वाचतां यावें, अशी योजना होती. कर्व्यांच्या सदराचा हा धाकटा भाऊच म्हणावयाचा. १९९४ सालीं ‘समॅरिटन्स’नीं ई-मेलनें मदत देण्यास प्रारंभ केला, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत इंटरनेटवरून समुपदेशन करणें हा रीतसर व्यवसाय झाला.

तो गुणकारी आहे कीं नाहीं, याचीही परीक्षा झाली. कॅनबेरा येथील विद्यापीठानें २००१ सालीं ‘मूडजिम’ हा विनामूल्य पाठ्यक्रम इंटरनेटवर ठेविला. विचारांची वाकडी सवय ओळखून ती सरळ कशी करावी, हें तो टप्प्याटप्प्यानें शिकवी. २००४ सालीं ५२५ लोकांवरील चांचणीचा वृत्तांत प्रसिद्ध झाला, आणि खिन्नतेचीं लक्षणें त्यानें कमी होतात असें दिसलें. त्या चांचणींत लोकांना दर आठवड्यास टेलिफोनवरून विचारपूस होत असे. उलट इंग्लंडांत ६९१ रोग्यांवर असेच पाठ्यक्रम नेहमींच्या डॉक्टरी उपचारांच्या जोडीस देऊन पाहिले, तेव्हां विशेष फायदा आढळला नाहीं. तो वृत्तांत २०१५ सालीं आला. कारण उघड होतें. पुष्कळांनीं ते पाठ अर्ध्यावरच टाकले होते, आणि त्यांना धीर देऊन पुढें नेणारा माणूस जवळ जवळ नव्हताच. लंडनच्या चहाच्या पेल्यानें जें सांगितलें, तेंच या आंकड्यांनीं सांगितलें.

आपल्या देशांत हा प्रश्न चैनीचा नाहीं. २०१५-१६ सालीं बंगळूर येथील राष्ट्रीय संस्थेनें बारा राज्यांत पाहणी केली. तींत प्रौढांपैकीं शेंकडा सुमारें १०.६ जण कोणत्या ना कोणत्या मानसिक व्याधीनें त्या वेळीं ग्रस्त आढळले. आणि निरनिराळ्या व्याधींत उपचारावांचून राहिलेल्यांचें प्रमाण शेंकडा ७० पासून ९२ पर्यंत भरलें. एवढ्या लोकांना पुरे पडतील इतके तज्ज्ञ उद्यां उत्पन्न होणार नाहींत. गोव्यांत ‘संगत’ या संस्थेनें त्यावर एक वाट दाखविली. पूर्वीं या विषयाशीं संबंध नसलेल्या स्थानिक माणसांना शिकवून त्यांनीं २४ आरोग्यकेंद्रें व दवाखाने यांत प्रयोग केला. सरकारी केंद्रांत अशा समुपदेशकांच्या हातून जास्त रोगी बरे झाले, असें २०१० सालीं प्रसिद्ध झालें. मुंबईंत टाटा समाजविज्ञान संस्थेनें २०१२ सालीं ‘आयकॉल’ ही टेलिफोन व ई-मेल यांवरील सेवा काढली. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें आत्महत्येचा प्रयत्न करणाराकडे गुन्हेगार म्हणून न पाहतां तीव्र ताणाखालील माणूस म्हणून पाहण्याचें ठरविलें. मार्च २०२० मध्यें, साथीच्या ऐन आरंभीं, दूरस्थ वैद्यकाचे नियम निघाले. आणि १० ऑक्टोबर २०२२ रोजीं ‘टेलि-मानस’ ही सरकारी सेवा सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर ती रात्रंदिवस विनामूल्य मिळते, आणि तेथें मराठींत बोलतां येतें.

येथवर पडद्याचे गुण सांगितले. त्याचा एक भयंकर दोषही सांगितला पाहिजे. फिनलंड देशांत ‘वास्तामो’ नांवाची मानसोपचाराची मोठी संस्था होती. तिच्या दप्तरांतील रोग्यांच्या गुप्त नोंदी चोरीस गेल्या, आणि ऑक्टोबर २०२० मध्यें चोरानें हजारों रोग्यांस पत्रें धाडून खंडणी मागितली. जें आईबापांनाही सांगितलें नव्हतें, तें चव्हाट्यावर मांडण्याची धमकी. २०२४ सालीं त्या चोरास सहा वर्षें तीन महिन्यांची शिक्षा झाली. पण फुटलेलें गुपित शिक्षेनें परत येत नाहीं. कर्व्यांकडील पत्र फाडून टाकतां येत होतें. यंत्राची स्मृति तशी पुसली जात नाहीं.

तेव्हां, श्रोतेहो, आपल्या घरांतील कोणी या वाटेनें मदत शोधूं लागला, तर त्याला हंसूं नये, अडवूं नये; मात्र तीन प्रश्न विचारावयास शिकवावें. पलीकडे माणूस आहे काय, आणि असल्यास त्याचें शिक्षण कोणतें? डॉक्टर असेल तर नोंदणीचा क्रमांक दाखविणें त्याचें कर्तव्य आहे; चिकित्सक मानसशास्त्रज्ञ असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेकडे त्याची नोंद असली पाहिजे. दुसरें, मी सांगितलेलें कोठें लिहून ठेवलें जाईल व कोण वाचील? आणि तिसरें, माझा जीव धोक्यांत आहे असें वाटलें तर ही व्यक्ति मला प्रत्यक्ष मदतीपर्यंत पोंचवील काय? ज्याच्या मनांत जीव देण्याचे विचार घोळत आहेत, त्याला नुसत्या यंत्रावर सोंपवून आपण निजूं नये; त्याच्याजवळ बसावें, त्यास रुग्णालयांत न्यावें.

लिंकनच्या त्या मुलीच्या घरांत माणसें नव्हतीं असें नाहीं. जिला विचारतां येईल असें कोणी तिला त्यांत दिसलें नाहीं. टपाल, टेलिफोन आणि इंटरनेट हीं सारीं साधनें अशा माणसापर्यंत पोंचण्यासाठीं जन्मास आलीं. पडद्याआडचा वैद्य पुष्कळांस वांचवील यांत संशय नाहीं. पण त्याच्याकडे जाण्याचें धैर्य ज्यांना अजून झालेलें नाहीं, त्यांच्यासाठीं पहिला कान आपल्याच घरांत मोकळा राहिला पाहिजे.