उमेदवारी : सेवेच्या कामातली शाळा

'उमेदवारी' हा शब्द आज आपण निवडणुकीसाठी राखून ठेवला आहे. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळात त्याचा अर्थ वेगळा होता. "मुलगा मामलेदार कचेरीत उमेदवारी करतो," असे म्हटले की ऐकणाऱ्याला सारे कळत असे. मुलाला पगार नाही. तो कारकुनाच्या शेजारी बसून दप्तर लावायला, अर्ज लिहायला, नकला करायला शिकतो आहे आणि जागा रिकामी होण्याची उमेद धरून आहे. वकिलाच्या, वैद्याच्या, सोनाराच्या हाताखाली माणूस असाच तयार होई. सरकारी भाषेत हा शब्द अजून जिवंत आहे. भारतात १९६१ च्या कायद्याने कारखान्यांतून जे 'शिकाऊ उमेदवार' घेतले जाऊ लागले, ते याच परंपरेतले. फरक एवढाच की त्यांना विद्यावेतन मिळते.

आपण ओमानमध्ये राहणाऱ्यांना हा विषय मुळीच परका नाही. १९८८ पासून इथे ओमानीकरणाचे धोरण आहे. आपल्यापैकी पुष्कळांनी ऑफिसात, साइटवर किंवा वर्कशॉपमध्ये एखाद्या ओमानी तरुणाला शेजारी बसवून काम शिकवले आहे. पहिले काही महिने एकाच्या कामात दोघांचा वेळ जातो, आणि मग एके दिवशी तो आपल्याशिवाय सारे सांभाळतो, हा अनुभव अनेकांच्या गाठीशी आहे.

कंपनीत हे सगळे आपल्याला पटते. धर्मादाय संस्थेचा विषय निघाला की मात्र आपला सूर बदलतो. "तिथे काय, तळमळ असली की झाले!" असे आपण सहज म्हणून जातो. महाराष्ट्रातल्या सेवासंस्थांचा इतिहास वाचताना मला नेमके उलटे दिसले. ज्या संस्था टिकल्या, त्यांनी तळमळीला उमेदवारीची जोड दिली होती. त्या इतिहासातली काही पाने आज आपल्यापुढे ठेवतो.

पाच वर्षांची उमेदवारी

नामदार गोपाळ कृष्ण गोखले हे स्वतःच अशा उमेदवारीतून तयार झाले होते. फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवत असतानाच ते न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या हाताखाली सार्वजनिक सभेचे काम शिकले. सरकारी अहवाल वाचायचे, आकडे पडताळायचे, सरकारला पाठवायच्या अर्जांचे मसुदे करायचे, ते रानड्यांकडून तपासून घ्यायचे आणि पुन्हा लिहायचे. एवढे कष्ट घेऊन पाठवलेल्या अर्जाला सरकार दोन ओळींचे उत्तर देते, मग हा खटाटोप कशासाठी, असे तरुण गोखल्यांनी एकदा विचारले. रानड्यांच्या उत्तराचा मथितार्थ असा होता की अर्ज नावाला सरकारकडे जातो, पण खरा तो आपल्याच लोकांसाठी असतो, कारण अशा विषयांवर विचार कसा करायचा हे त्यातून त्यांना कळते. ही शिकवणी १९०१ साली रानडे गेले तोपर्यंत चालली. १८९७ मध्ये लंडनला वेल्बी कमिशनपुढे गोखल्यांनी जी साक्ष दिली, तिच्यामागे हीच तयारी होती.

१२ जून १९०५ रोजी पुण्यात गोखल्यांनी 'सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी' म्हणजे भारत सेवक समाज स्थापन केला. प्रथम त्यांनी स्वतः शपथ घेतली आणि मग नटेश अप्पाजी द्रविड, गोपाळ कृष्ण देवधर आणि अनंत विनायक पटवर्धन या तिघांना दिली. स्वतःसाठी पैसा मिळवण्यात शक्ती खर्च करणार नाही, समाज जी तरतूद करील तीत संसार चालवीन, सर्व भारतीयांना जात-धर्म न पाहता बंधू मानीन, अशा त्या शपथा होत्या. त्यांच्या त्यागाबद्दल आपण बरेच वाचतो. मला महत्त्वाचा वाटतो तो दुसरा नियम. नव्या सभासदाने पहिली पाच वर्षे शिकाऊ म्हणून काढायची, त्यांतली तीन पुण्यात अभ्यासात आणि दोन देशभर हिंडण्यात. आलेली माणसे बहुतेक पदवीधर होती, तरीही पाच वर्षे! देशसेवा हा एक व्यवसाय आहे आणि तो वकिली-वैद्यकीसारखाच शिकावा लागतो, असा याचा अर्थ.

या नियमाची छाया महात्मा गांधींवरही पडली. जानेवारी १९१५ मध्ये ते दक्षिण आफ्रिकेहून परतले, तेव्हा गोखल्यांनी त्यांना वर्षभर देश डोळसपणे पाहण्याचा सल्ला दिला. दक्षिण आफ्रिकेत एवढा मोठा लढा देऊन आलेल्या माणसालाही एक वर्षाची उमेदवारी! गांधींनी ती मानली. पुढे समाजातल्या सभासदांचे त्यांच्याशी विचार जुळेनात, म्हणून गोखल्यांच्या निधनानंतर त्यांनी सभासदत्वाचा अर्ज आपण होऊन मागे घेतला. पण देश पाहण्याचे वर्ष त्यांनी पुरे केले.

संस्थेला याचा काय लाभ झाला? समाजाची सभासदसंख्या कधीच मोठी झाली नाही, पण एकेका माणसाने एकेक संस्था उभी केली. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली आणि १९२० मध्ये आयटक या कामगार संघटनेच्या स्थापनेत पुढाकार घेतला. अमृतलाल ठक्कर मुंबई महापालिकेत इंजिनिअर होते. १९१४ मध्ये ते समाजात आले आणि भिल्ल सेवा मंडळामुळे 'ठक्करबापा' झाले. देवधरांनी दुष्काळ-निवारणाचा अनुभव सहकार चळवळीत आणि सेवासदनात ओतला.

सेवासदन आणि ससूनचे वॉर्ड

पुण्याचे सेवासदन १९०९ साली सुरू झाले. अध्यक्ष रमाबाई रानडे, आणि व्यवस्थेची बाजू देवधरांकडे. त्या काळी पांढरपेशा घरातली बाई, त्यातही विधवा, परक्या रोग्याची सुश्रूषा करणार ही कल्पनाच लोकांना सोसवत नव्हती. टीका झाली, टिंगल झाली. रमाबाईंनी वाद घालत बसण्यापेक्षा व्यवस्था उभी केली. मुलींच्या राहण्याची सोय संस्थेने करायची, आणि शिक्षण मात्र ससून हॉस्पिटलच्या वॉर्डात प्रत्यक्ष काम करता करता व्हायचे.

यातला व्यवहार नीट पाहण्यासारखा आहे. हॉस्पिटलला मराठी बोलणाऱ्या, रुग्णाच्या घरच्यांशी आपुलकीने वागणाऱ्या परिचारिका मिळाल्या. सेवासदनाला स्वतःचे हॉस्पिटल न बांधता उत्तम शिक्षण देता आले. आणि त्या बाईला कोणी हिरावून घेऊ शकणार नाही असा, मानाने पोट भरण्याचा धंदा हाती आला. संस्थेचा लाभ आणि शिकणारीचा लाभ एकमेकांच्या आड आले नाहीत, हेच या योजनेचे मर्म.

हिंगण्याची पार्वतीबाई

धोंडो केशव कर्वे यांना फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायला १८९१ साली बोलावले ते गोखल्यांनीच. १८९६ मध्ये कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापन केली आणि १९०० साली आश्रम हिंगण्याच्या माळावर गेला. काम वाढले तसा प्रश्न आला की हे पुढे चालवणार कोण? त्यासाठी १९०८ मध्ये त्यांनी निष्काम कर्म मठ काढला. संस्थेतच राहायचे, तिचे काम करत शिकायचे आणि निर्वाहापुरते घेऊन तिला वाहून घ्यायचे, अशा स्त्री-पुरुष कार्यकर्त्यांचा हा मठ होता.

या वातावरणातले माझे आवडते उदाहरण म्हणजे पार्वतीबाई आठवले. त्या कर्व्यांच्या मेहुणी, देवरुखच्या, तरुण वयात विधवा झालेल्या. त्यांचे शिक्षण फार उशिरा सुरू झाले. आश्रमात घरकामापासून वसतिगृहाच्या देखरेखीपर्यंत साऱ्याचा अनुभव त्यांनी घेतला. मग वर्गणी गोळा करायला त्या गावोगाव हिंडू लागल्या आणि बोलता बोलता भाषण करायला शिकल्या. १९१८ मध्ये इंग्रजी शिकण्याच्या आणि संस्थेसाठी मदत मिळवण्याच्या जिद्दीने त्या थेट अमेरिकेला गेल्या. पन्नाशीला टेकलेल्या या बाईने तिथे लोकांच्या घरी घरकाम करून दिवस काढले आणि १९२० मध्ये ती परत आली. आश्रमाला तिच्यामुळे निधी मिळाला, आणि तिला आश्रमामुळे पाऊलभर अंगणातून जग मिळाले. देशांतर करून आलेल्या आपल्या घरांतल्या बायकांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

सातारा, जामखेड आणि आपले मत्रा

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली. साताऱ्याच्या बोर्डिंगात सर्व जातींची मुले एकत्र राहत, स्वयंपाक करत, शेतात राबत आणि शिकत. 'कमवा आणि शिका' हे ब्रीद आपल्याला पाठ आहे. त्या बोर्डिंगात वाढलेली मुलेच पुढे संस्थेत शिक्षक आणि कार्यकर्ते झाली. १९३५ मध्ये भाऊरावांनी साताऱ्यात शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेजही काढले. रयतेच्या शाळा खेडोपाडी पसरल्या, त्यामागे ही घरची शिबंदी होती.

१९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात जामखेडला आले. शिकलेल्या नर्स खेड्यात जाऊन राहायला तयार होईनात. तेव्हा आरोळे दांपत्याने गावानेच निवडलेल्या, बऱ्याचशा निरक्षर बायकांना ग्राम आरोग्य सेविका केले. दर आठवड्याला जामखेडला यायचे, शिकायचे, गावात जाऊन करायचे आणि अडलेले पुढच्या आठवड्यात विचारायचे, अशी पद्धत. पुढे देशोदेशीचे डॉक्टर तिथे शिकायला येऊ लागले, तेव्हा त्यांना शिकवायला याच बायका उभ्या राहिल्या. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आपल्या शेजारचे उदाहरणही सांगतो. १९७० पूर्वी ओमानमध्ये शाळा होत्या अवघ्या तीन, आणि आजाऱ्याला आधार होता तो मुख्यतः अमेरिकन मिशनच्या दवाखान्यांचा. मत्रा इथल्या मिशन हॉस्पिटलात डॉ. वेल्स थॉम्स यांनी १९३९ पासून तीसेक वर्षे काम केले. परिचारिका तयार करणारी शाळा देशात नव्हती. तेव्हा हाताखालची माणसे कामातूनच तयार करावी लागत, ड्रेसिंग असो की औषध देणे. कॉर्निशवर फिरायला जाल तेव्हा ओमानच्या आरोग्यसेवेचे हे पहिले वर्ग जरूर आठवा.

जमाखर्च

या साऱ्याचा ताळेबंद मांडला तर जमेच्या बाजूला काय दिसते? कायम करण्याआधी संस्थेला माणूस पारखता येतो आणि माणसालाही संस्था पारखता येते. संस्थेच्या रीती आणि जुन्या चुकांचे शहाणपण कागदावर नसते. ते शेजारी बसूनच पुढच्या पिढीकडे जाते. शिकवणाऱ्या जुन्या कार्यकर्त्यालाही आपण हे असे का करतो, याचा नव्याने विचार करावा लागतो. शिकणाऱ्याला कसब मिळते, धीर मिळतो आणि समाजात ओळख मिळते. तो पुढे दुसरीकडे गेला तरी परका होत नाही, हे भारत सेवक समाजाने दाखवलेच आहे.

खर्चाची बाजूही लपवू नये. शिकवण्यात वेळ जातो आणि तेवढा काळ काम मंदावते. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. जुनी कचेरीतली उमेदवारी बिनपगारी असल्यामुळे घरी खायला असलेल्यांनाच ती परवडे. सेवेच्या नावाखाली तरुणांना वर्षानुवर्षे फुकट राबवणे ही उमेदवारी नव्हे. गोखल्यांनी सभासदाच्या कुटुंबाची तरतूद नियमातच ठेवली होती आणि रमाबाईंनी आधी वसतिगृह पाहिले, हे विसरून चालणार नाही. ब्रिटनने २०१७ मध्ये ३० लाख पौंडांहून अधिक वेतनखर्च असलेल्या संस्थांवर त्या खर्चाच्या अर्धा टक्का उमेदवारी-कर लावला, तेव्हा मोठ्या धर्मादाय संस्थाही त्यातून सुटल्या नाहीत. तिथेही त्याकडे दयेचा विषय म्हणून न पाहता व्यवस्थेचा विषय म्हणून पाहिले गेले.

आणि इथेच आपला संबंध येतो. सुट्टीत गावी गेल्यावर आपण संस्थांना मदत करतो. देणगीदारांच्या बैठकीत मी बहुधा ऐकले आहे ते असे : "खोली बांधू, संगणक देऊ, पण पगाराला पैसे नकोत." खोलीवर नावाची पाटी लागते, माणसावर ती लागत नाही. परंतु आज महाराष्ट्रात कितीतरी चांगल्या संस्थांचे संस्थापक थकले आहेत आणि खोल्या आहेत पण पुढे चालवणारे हात नाहीत. एखाद्या मुलीचे दोन वर्षांचे विद्यावेतन ही खोलीपेक्षा मोठी देणगी ठरू शकते.

एक व्यावहारिक सूचना. ओमानमध्ये परवानगीशिवाय सार्वजनिक वर्गणी गोळा करता येत नाही, म्हणून जे द्यायचे ते प्रत्येकाने आपल्या बचतीतून, आपल्या बँकेमार्फत भारतातल्या संस्थेला द्यावे. भारतीय पासपोर्ट असलेल्याने अशी दिलेली देणगी परदेशी देणगी समजली जात नाही. देताना संस्थेला एवढेच विचारावे : तुमच्याकडे शिकाऊ कोण आहे, त्याला कोण शिकवते आणि त्याचे पोट कशावर चालते?

आपल्या मंडळाच्या कामातही हे करता येईल. खजिनदाराने वर्षभर एका तरुणाला शेजारी बसवावे. गणेशोत्सवाच्या सभागृहाची परवानगी, ध्वनियोजना, जेवणाचा अंदाज या गोष्टी ज्यांना तोंडपाठ आहेत, त्यांनी बारावी झालेल्या मुलांना बरोबर घ्यावे. आपल्यापैकी प्रत्येकजण इथून कधीतरी परतणार आहे. जाताना किल्ल्या कोणाच्या हाती द्यायच्या, हे आधी ठरवलेले बरे.