आकडा दंडाचा की झग्याचा?

मागच्या लेखानंतर काही जणांनी विचारलं, जुन्या पुस्तकात एखादा आकडा सापडला तर त्याचं करायचं काय? माझीच एक चूक सांगते. पण सुरुवात आपल्या नगरच्या यात्रांपासून.

यात्रेत गावोगाव कुस्त्यांचा हगामा भरतो. आधी पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग नारळावरच्या, ऊन उतरलं की रोख इनामाच्या. वजनकाटा बहुतेक ठिकाणी नसतोच. दोघांना शेजारी उभं करायचं, मान-खांदे बघायचे, तालीम कुठली ते विचारायचं आणि जोड लावायची. जोड पटली नाही तर पैलवान हात मिळवत नाही, लोकही ओरडतात. 2025 मध्ये नगरच्याच वाडिया पार्कवर महाराष्ट्र केसरी झाली. तिथे मात्र वजनी गट.

गोल्फमध्ये हाच प्रश्न अंतराचा होतो. पहिला फटका जिथून मारायचा ती जागा म्हणजे टी. लांब मारणाऱ्याची टी मागे, कमी ताकदीच्याची पुढे. पण किती पुढे?

1890 च्या 'बॅडमिंटन लायब्ररी'तल्या गोल्फवरच्या ग्रंथात लॉर्ड वेलवुड बायकांच्या फटक्याला 70-80 यार्डांची मर्यादा सुचवतो. (यार्ड म्हणजे मीटरपेक्षा जरासा कमी.) मी वहीत 'त्या काळी स्त्रियांची ताकद : 70-80 यार्ड' असं लिहून मोकळी झाले. पुढचा मजकूर वाचलाच नव्हता! त्यात तो म्हणतो, बायकांच्या ताकदीबद्दल शंका नाही. पण याहून लांब मारायचं तर काठी खांद्याच्या वर न्यावी लागते, आणि बायकांच्या पेहरावात ते काही शोभून दिसत नाही. म्हणजे मी ज्याला दंडाचं माप समजले, ते झग्याचं होतं. मुकाट्याने पान खोडलं.

तीनच वर्षांनी, 1893 मध्ये, लेडीज गोल्फ युनियन स्थापन झाली. तिची पहिली सचिव इसेट पिअर्सन. तेव्हा प्रत्येक क्लब आपापल्या मर्जीने हँडिकॅप, म्हणजे कमकुवत खेळाडूला द्यायची सूट, ठरवायचा. एका क्लबची सूट दुसऱ्या मैदानावर लागू पडेना. पिअर्सनबाईंनी प्रत्यक्ष खेळलेले डाव धरून, सगळ्या क्लबांना एकच पद्धत लावायचा खटाटोप केला. काय शोभतं हा प्रश्नच त्यात नव्हता.

आज मैदानाची काठिण्यपातळी ठरवताना निष्णात स्त्रीचा पहिला फटका 210 यार्ड धरतात, साधारण खेळणारीचा 150. पुरुषांचे 250 आणि 200. साधारण खेळणारीसुद्धा वेलवुडच्या मर्यादेच्या जवळपास दुप्पट! अर्थात हेही ठोकळ्याचे आकडे. एखाद्या सत्तरीच्या आजोबांना 200 कुठले जमायला?

हगाम्याच्या हँडबिलावर इनामाची रक्कम छापतात, अमुक जोड का लावली ते छापत नाहीत. ते जोड लावणाऱ्यांच्या डोळ्यांत असतं, आणि त्यातले बरेचसे आता थकलेत. येत्या चैत्रातल्या यात्रांना मी रेकॉर्डर घेऊन त्यांच्याच शेजारी बसणार आहे.