मोटारगाडीतील रेडिओ : एका जोडणीचा इतिहास

१९३० सालच्या जून महिन्यात अमेरिकेतील अटलांटिक सिटी येथे रेडिओ-उत्पादकांचे अधिवेशन भरले होते. शिकागोचे पॉल गॅल्विन यांचे तेथे दालन नव्हते. म्हणून त्यांनी आपली स्टुडबेकर गाडी बाहेर उभी केली व तीत बसविलेला रेडिओ येणाऱ्याजाणाऱ्यांस ऐकविला. ‘मोटर’ या शब्दास ‘व्हिक्ट्रोला’सारख्या नावांतील ‘ओला’ हे शेपूट जोडून त्यांनी त्या यंत्रास ‘मोटोरोला’ हे नाव दिले. १९४७ साली कंपनीनेही तेच नाव धारण केले. शब्दांचा संधी असा सहज साधला. यंत्रांचा साधण्यास मात्र पाव शतक लागले.

याचे कारण असे की, ही दोन यंत्रे स्वभावतःच परस्परविरोधी होती. इंजिन ठिणगीवर चालते, आणि प्रत्येक ठिणगी रेडिओत खरखर उत्पन्न करते. तिच्या निवारणार्थ स्पार्क प्लगच्या तारांत रोधक व डायनॅमोवर कंडेन्सर बसवावे लागत. दुसरी अडचण विद्युत्पुरवठ्याची. गाडीची बॅटरी सहा व्होल्टची, तर निर्वात नलिकांना शंभराहून अधिक व्होल्टचा दाब लागे. त्यासाठी प्रारंभी गाडीच्या तळाशी कोरड्या बॅटऱ्या ठेवीत. पुढे व्हायब्रेटर आला. तो बॅटरीचा प्रवाह क्षणोक्षणी खंडित करी व ट्रान्सफॉर्मर त्याचा दाब वाढवी. तिसरी अडचण एरियलची. कापडी छपराखालची तारेची जाळी त्या कामी येई. परंतु १९३५ सालापासून जनरल मोटर्सच्या गाड्यांना अखंड पोलादी छप्पर आले आणि एरियलला पायफळीखाली किंवा गाडीच्या बाहेर जागा शोधावी लागली. १९५५ साली क्रायस्लर व फिल्को यांनी संपूर्ण ट्रान्झिस्टरचा रेडिओ पुढे आणला, तेव्हा उच्च दाबाची गरजच संपली.

जुन्या गाडीचा आज जीर्णोद्धार करणाऱ्यापुढे हाच इतिहास उलट क्रमाने उभा राहतो. फोर्डच्या ‘मॉडेल ए’ गाडीत बॅटरीचे धन टोक सांगाड्यास जोडलेले असते. अलीकडचे रेडिओ बारा व्होल्टचे असून त्यांचे ऋण टोक त्यांच्या धातूच्या पेटीस जोडलेले असते. अशी पेटी थेट सांगाड्यावर बसविली, तर दोन विरुद्ध टोके एकत्र येऊन तारा जळण्याचा संभव असतो. त्यामुळे मध्ये दाब बदलणारे व पृथक्करण करणारे साधन घालावे लागते. काहीजण त्याऐवजी गाडीची सारी विद्युत्‌रचनाच बदलतात आणि जुने रोधक, कंडेन्सर व जाळी निरुपयोगी म्हणून टाकून देतात.

येथेच विचार करावयास हवा. त्या काळच्या बहुसंख्य गाड्या रेडिओवाचूनच कारखान्यातून बाहेर पडल्या. रेडिओ ही मागाहून पडलेली भर होय. परंतु मागाहूनची म्हणून ती अनैतिहासिक ठरत नाही. हस्तलिखिताच्या समासातील टीप मूळ लेखकाची नसते, तथापि संपादक ती खोडीत नाही. गाडीतील जुनी जोडणी ही तशीच टीप आहे. नवा रेडिओ बसवितानाही ती जागच्या जागी राहू द्यावी, हेच इतिहासदृष्ट्या उचित होय.