तुर्कस्तान आणि 'नाटो' : परराष्ट्रनीतीची बदलती वळणे

तुर्कस्तानचे नाव आपल्या वडीलधाऱ्या पिढीला परके नव्हते. १९१९ साली सुरू झालेल्या खिलाफत चळवळीने सारा हिंदुस्थान ढवळून निघाला. तिची मध्यवर्ती समिती मुंबईत होती आणि महात्मा गांधींनी तिला पाठिंबा दिला होता. परंतु ३ मार्च १९२४ रोजी खिलाफत बरखास्त केली, ती कोणा परकीय सत्तेने नव्हे, तर खुद्द अंकाऱ्याच्या तुर्की संसदेने! येथील लोक तुर्कस्तानकडे भावनेने पाहत होते. तुर्कस्तान मात्र आपल्या गरजांकडे पाहत होता. त्यानंतरचा त्या देशाचा इतिहासही याच दृष्टीने वाचावयास हवा.

विद्यार्थी मित्रांनी नकाशा समोर घ्यावा. काळ्या समुद्रातून भूमध्य समुद्रात जाणारा जलमार्ग बॉस्फरस व दार्दानेल्स या दोन सामुद्रधुन्यांतून जातो. १९३६ च्या माँत्रो कराराने या दरवाजाची किल्ली तुर्कस्तानच्या हाती आली. ज्याच्या अंगणातून बलाढ्य शेजाऱ्याची वाट जाते, त्याला त्या शेजाऱ्याशी कायमचे वैर परवडत नाही आणि त्याच्यावर डोळे मिटून विश्वासही टाकता येत नाही. तुर्कस्तानच्या परराष्ट्रनीतीचे सारे मर्म येथे आहे.

दुसऱ्या महायुद्धात अध्यक्ष इस्मत इनोनू यांनी देशाला रणांगणापासून दूर ठेवले. जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले ते फेब्रुवारी १९४५ मध्ये, युद्धाचा निकाल दिसू लागल्यावर. पण त्याच वर्षी सोव्हिएत रशियाने कार्स व अर्दाहान हे प्रदेश आणि सामुद्रधुनीत लष्करी तळ मागितले. एकट्याने तोंड देणे कठीण होते. मार्च १९४७ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांनी ग्रीस व तुर्कस्तानला मदत देण्याचे धोरण जाहीर केले. १९५० साली तुर्कस्तानने सुमारे पाच हजार सैनिक दूरच्या कोरियात लढावयास पाठविले आणि १८ फेब्रुवारी १९५२ रोजी तो 'नाटो' या लष्करी संघटनेचा सभासद झाला.

या संघटनेचे मुख्य वचन असे, की एका सभासदावरील हल्ला हा सर्वांवरील हल्ला मानला जाईल. १९५५ च्या बांडुंग परिषदेत पंडित नेहरूंनी लष्करी गटांना विरोध केला, तेव्हा तुर्कस्तानच्या प्रतिनिधीने अशा करारांची बाजू मांडली. सोव्हिएत सीमेला खेटून असलेल्या देशाला हे वचन मोलाचे वाटत होते.

मात्र वचनाची कसोटी लवकरच लागली. १९६२ च्या क्यूबा पेचप्रसंगात अमेरिकेने तुर्कस्तानातील आपली ज्युपिटर क्षेपणास्त्रे काढून घेण्याचे रशियाला गुप्तपणे मान्य केले. ज्याच्या भूमीवर ती उभी होती त्याला या सौद्यात विचारलेही नाही. जून १९६४ मध्ये सायप्रसच्या प्रश्नावर अध्यक्ष जॉन्सन यांनी इनोनूंना पत्र धाडले. तुर्कस्तानच्या कृतीमुळे रशिया मध्ये पडला, तर 'नाटो' संरक्षणास धावेलच असे धरून चालू नये, असा त्याचा आशय होता. १९७४ साली तुर्की फौजा सायप्रसमध्ये उतरल्या, तेव्हा अमेरिकन काँग्रेसने शस्त्रपुरवठा रोखला. फेब्रुवारी १९७५ पासून १९७८ पर्यंत ही बंदी टिकली.

यातून तुर्कस्तान एक धडा शिकला : करार पाळावा, पण एकाच खुंटीवर सारे ओझे टांगू नये. ज्या रशियाच्या भीतीने तो 'नाटो'त गेला, त्याच्याच मदतीने त्याने इस्केंदेरून येथे पोलादाचा कारखाना उभारला. १ मार्च २००३ रोजी इराकवरील स्वारीसाठी अमेरिकन सैन्याला आपल्या भूमीतून वाट देण्याचा ठराव तुर्की संसदेत २६४ विरुद्ध २५० मते मिळूनही आवश्यक बहुमताअभावी फेटाळला गेला. २०१९ साली त्याने रशियाकडून एस-४०० ही हवाई संरक्षण यंत्रणा घेतली. त्याची किंमत म्हणून अमेरिकेच्या एफ-३५ विमानांच्या योजनेतून त्याला वगळण्यात आले.

मग तो 'नाटो' सोडत का नाही, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. नवा सभासद घेण्यास सर्व सभासदांची संमती लागते. २०२२ मध्ये फिनलंड व स्वीडन यांनी अर्ज केले. तुर्कस्तानने संमती लांबविली; फिनलंडला एप्रिल २०२३ मध्ये, तर स्वीडनला मार्च २०२४ मध्ये प्रवेश मिळाला. आत राहिल्यानेच त्याच्या शब्दाला एवढे वजन आले. त्याच काळात त्याने युक्रेनला ड्रोन विमाने विकली, रशियावरील पाश्चात्त्य निर्बंधांत भाग घेतला नाही आणि माँत्रो कराराच्या आधारे युद्धात उतरलेल्या देशांच्या युद्धनौकांना सामुद्रधुनी बंद केली.

याला कोणी चातुर्य म्हणेल, कोणी संधिसाधूपणा. दोन्हींत थोडे तथ्य आहे. सर्वांशी संबंध ठेवणाऱ्यावर कोणीच पूर्ण भरवसा ठेवीत नाही, हा त्यातील तोटा होय.

पालकांना एकच विनंती. आपली मुले वर्तमानपत्रात परदेशच्या बातम्या वाचतात, तेव्हा अमुक देश आपला आणि तमुक परका, असे चटकन ठरवून टाकतात. त्यांच्यापुढे नकाशा ठेवावा आणि विचारावे : या देशाचे शेजारी कोण, त्याला भय कोणाचे, गरज कशाची? खिलाफतीच्या दिवसांत हे प्रश्न पुरेसे विचारले गेले असते, तर १९२४ चा धक्का इतका जिव्हारी लागला नसता.