शेजारी फाईल असताना ती परदेशातून का येते? ‘जवळचा साथी’ शोधणाऱ्या ॲप्सची माहिती

नंदुरबार : धडगाव, मोलगीकडच्या कित्येक पाड्यांवर रेंज पकडायला आजही टेकडीवर जावं लागतं. अशा ठिकाणी एकाच खाटेवर बसलेल्या दोघांनी शंभर एमबीची फाईल व्हॉट्सॲपवरून एकमेकांना पाठवली, तर ती आधी कंपनीच्या सर्व्हरवर चढते आणि तिथून परत खाली उतरते. नेटपॅक दोघांचाही जातो.

‘पिअर टू पिअर’ सॉफ्टवेअरमध्ये फाईल एका यंत्रावरून थेट दुसऱ्यावर जाते. मात्र थेट म्हणजे जवळूनच, असं नाही. बिटटोरेंटमध्ये फाईलचे तुकडे कोणाकडून घ्यायचे हे मूळ पद्धतीत अंतर बघून ठरत नव्हतं. शहाद्यात पलीकडच्या गल्लीत तीच फाईल असली तरी तुकडा ब्राझीलहून येऊ शकतो.

आता जवळ म्हणजे काय? इथे किलोमीटर कामाचे नाहीत. एकाच वायफायवरची दोन यंत्रं सगळ्यात जवळ. त्यानंतर एकाच कंपनीच्या नेटवर्कवरची. दोन वेगळ्या कंपन्यांची सिमकार्डं एका घरात असली तरी त्यांचा डेटा मुंबईसारख्या मोठ्या शहरात जाऊन मग एकमेकांना भेटू शकतो. देशातला डेटा देशातच फिरावा म्हणून 2003 मध्ये ‘निक्सी’ ही संस्था उभी राहिली, त्यामागेही हेच कारण होतं.

जवळचा साथी शोधायची सोपी युक्ती म्हणजे वायफायवर हाक मारणं : ‘ही फाईल कोणाकडे आहे का?’ ज्याच्याकडे असेल तो उत्तर देतो. टोरेंटच्या सेटिंगमध्ये याला ‘लोकल पिअर डिस्कव्हरी’ म्हणतात. वायफायबाहेरचं काम अवघड. त्यासाठी 2008 च्या सुमारास अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संशोधकांनी ‘पी4पी’ पद्धत मांडली. यात इंटरनेट कंपनीच सॉफ्टवेअरला सांगते, की कोण जवळ आणि कोण लांब. तरीही चांगलं ॲप थोडे लांबचे साथी धरूनच ठेवतं, कारण जवळच्याकडे सगळे तुकडे असतीलच असं नाही.

गावात याचा उपयोग कुठे? आश्रमशाळेत किंवा एमएस-सीआयटी सेंटरमध्ये दहा कॉम्प्युटर असतील, तर विंडोज अपडेटच्या ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’ उघडून फक्त लोकल नेटवर्कवरच्या यंत्रांचा पर्याय निवडावा. एकाने उतरवलेलं अपडेट बाकीच्यांना तिथूनच मिळू शकतं. वायफाय राउटरमध्ये ‘आयसोलेशन’ चालू असेल, तर मात्र यंत्रं एकमेकांना दिसतच नाहीत.

मोबाईलवर शेअरइट आणि झेंडर सगळ्यांच्या हातात होते. जून 2020 मध्ये सरकारने बंदी घातलेल्या 59 ॲप्समध्ये हे दोन्ही होते. आता अँड्रॉइडमध्ये ‘क्विक शेअर’ येतं. 2024 पर्यंत त्याचं नाव ‘निअरबाय शेअर’ होतं. ते ब्लूटूथने जवळचा मोबाईल ओळखतं आणि मोठी फाईल वायफायने थेट पाठवू शकतं. त्याला रेंज लागत नाही.

बाजारात, एसटी स्टँडवर क्विक शेअर ‘एव्हरीवन’वर ठेवू नये. आणि अनोळखी माणसाकडून आलेली, योजनेच्या नावाची ‘एपीके’ फाईल उघडूच नये. पैसे जाऊ शकतात.