बॅटरीत पाणी कोण घालणार?



मागच्या आठवड्यात चाकणच्या एका कंपनीत परचेसला असलेल्या मित्राचा फोन आला. "तू इंजिनियर ना रे? मग सांग. फरशी धुवायची सहा मशिन्स घ्यायचीत. शिशाची बॅटरी घेऊ का लिथियम? लिथियमवाल्याचं कोटेशन बघून साहेब उडालाय." पाठोपाठ त्याची एक्सेल शीट आली. किंमत, किती वेळा चार्ज होणार, किती वर्षं टिकणार, सगळे कॉलम व्यवस्थित होते. शीट चांगली होती, पण माझ्या मते त्यात एक कॉलम राहिला होता. बॅटरीत पाणी कोण घालणार?

हा प्रश्न वाटतो तेवढा फालतू नाही. त्याचं उत्तर शोधायचं तर आपल्या या पट्ट्याचा पन्नास-पंचावन्न वर्षांचा इतिहास चाळावा लागतो. म्हणून आजचा हा शनिवारचा उद्योग.

आधी मशीनबद्दल थोडंसं. संध्याकाळी सातनंतर ऑफिसात थांबणाऱ्यांनी लॉबीत ते बघितलेलं असतंच. पुढे गोल ब्रश, वर स्वच्छ पाण्याची टाकी, मागे रबरी पट्टी आणि घाण पाणी ओढून घेणारी मोटर. याला स्क्रबर म्हणतात. मागून चालत ढकलायच्या मॉडेलला साधारणपणे २४ व्होल्ट लागतात, म्हणजे ६ व्होल्टच्या चार किंवा १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या. वर बसून चालवायच्या मोठ्या मशीनला बरेचदा ३६ व्होल्ट. बस्स, यापेक्षा जास्त यंत्रशास्त्र नको.

आता शिसं. गास्तों प्लांते नावाच्या फ्रेंच माणसाने १८५९ मध्ये शिशाची बॅटरी बनवली आणि कामील फोर याने १८८१ मध्ये ती कारखान्यात बनवण्याजोगी केली. आजही तुमच्या गाडीच्या बॉनेटखाली मुळात तीच चीज आहे. आपल्याकडे तर ती घरचीच. आज जिला आपण एक्साइड म्हणून ओळखतो, त्या कंपनीने आपला दुसरा कारखाना १९६९ मध्ये चिंचवडला काढला (पहिला बंगालात, श्यामनगरला, १९४६ चा). एमआयडीसी स्थापन होऊन तेव्हा जेमतेम सात वर्षं झाली होती. आजूबाजूला गाड्यांचे कारखाने उभे राहत होते आणि प्रत्येक गाडीला बॅटरी लागणारच होती.

आमच्या दापोडीत एसटीचं मध्यवर्ती वर्कशॉप आहे. आमच्या बिल्डिंगमधले एक काका तिथून निवृत्त झाले. बॅटरीचा विषय काढला की ते खुलतात. पाणी डिस्टिल्डच घालायचं, नळाचं चालत नाही. तेही चार्जिंग झाल्यावर, कारण चार्ज होताना पातळी वर येते आणि आधीच काठोकाठ भरलं असेल तर अ‍ॅसिड बाहेर सांडतं. पण प्लेटा उघड्या पडल्या असतील तर चार्जिंगच्या आधी त्या बुडतील एवढंच घालायचं. हायड्रोमीटर लावून प्रत्येक सेलची ग्रॅव्हिटी बघायची. पूर्ण चार्ज बॅटरी १.२६ ते १.२८ च्या आसपास दाखवते. एखादा सेल मागे पडला की त्याच्यावर लक्ष ठेवायचं. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी पावडर साफ करून पेट्रोलियम जेली लावायची. काका हे सगळं सांगतात तेव्हा बोटांनी झाकणं फिरवून दाखवतात.

त्यांच्या बॅटऱ्यांचं काम तसं सोपं होतं म्हणायचं. बसची बॅटरी स्टार्टरला एक जोरदार धक्का देते आणि मग दिवसभर भरलेलीच राहते. स्क्रबरची रोज तळाला जाते आणि रोज परत भरावी लागते, म्हणून तिची काळजी काकांच्या बॅटऱ्यांपेक्षा जास्त घ्यायला हवी. ८० टक्क्यांच्या पुढे रिकामी करायची नाही. अर्धवट चार्ज करून सोडायची नाही, नाहीतर प्लेटांवर सल्फेटचे कडक खडे जमतात. चार्जिंगला आठ-दहा तास द्यायचे, आणि तेही हवेशीर जागेत, कारण शेवटच्या टप्प्यात पाणी फुटून हायड्रोजन निघतो. जिन्याखालच्या कोंदट खोलीत चार्जर लावणारे लोक मी बघितलेत. त्यांच्या धाडसाला सलाम!

इंजिनियर वाचकांसाठी एक गंमत. स्टिकरवर लिहिलेले अँपिअर-अवर बहुतेक वेळा २० तासांच्या हिशोबाने असतात. म्हणजे बॅटरी सावकाश वीस तासांत रिकामी केली तर तेवढे मिळतात. स्क्रबर ती तीन-चार तासांत उपसतो. शिशाची बॅटरी जितक्या घाईने रिकामी कराल तितकं कमी देते, हे पॉयकर्ट नावाच्या जर्मन माणसाने १८९७ मध्येच सांगून ठेवलंय. ढोबळमानाने पाचवा हिस्सा किंवा त्याहून जास्त तिथेच गळतो. कोटेशनची तुलना करताना २० तासांचा आकडा ५ तासांच्या आकड्याशी लावला तर अख्खी शीट चुकते. लिथियममध्ये हा फरक फार थोडा असतो.

तर मुद्दा असा, की शिशाची बॅटरी वाईट नाही. तिला फक्त एक माणूस लागतो. तोच माणूस, रोज, वर्षानुवर्षं. कोणता सेल मागच्या दिवाळीपासून कुरकुर करतोय हे त्याच्या लक्षात असावं लागतं. आणि फरशी धुण्याच्या कामातून नेमका हाच माणूस कमी होत गेला. कसा, ते बघू.

कंत्राटी कामगारांचा कायदा १९७० चा. त्यात सरकारला अमुक कामात कंत्राटी कामगार नकोत असं जाहीर करायचा अधिकार होता. ९ डिसेंबर १९७६ ला केंद्र सरकारने तो वापरला. ज्या आस्थापनांच्या बाबतीत केंद्राचा अधिकार चालतो, तिथल्या इमारतींत झाडणं, साफसफाई, धूळ पुसणं आणि राखण या कामांसाठी कंत्राटी कामगार नेमायला बंदी! आज हे वाचलं की डोळे चोळावे लागतात. पुढे मुंबईत एअर इंडियाच्या सफाई कामगारांचं प्रकरण याच अधिसूचनेवरून सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. नोव्हेंबर १९९६ मध्ये कोर्टाने सांगितलं, की कंत्राट बंद झालं तर ते कामगार आपोआप मूळ कंपनीचे झाले. पाच वर्षंही टिकलं नाही ते. ३० ऑगस्ट २००१ ला स्टील अथॉरिटीच्या खटल्यात पाच न्यायाधीशांच्या खंडपीठाने तो निकाल फिरवला. आपोआप सामावून घेणं वगैरे काही नाही असं म्हटलं आणि १९७६ ची अधिसूचनाही पुढच्या काळासाठी रद्द केली.

चाकणच्या खाजगी कारखान्यांना ती अधिसूचना तशीही लागू नव्हती, हे खरं. पण वारा कुठून कुठे वाहतोय ते त्यावरून कळतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत तर झाडणं, साफसफाई आणि धूळ पुसणं हे 'मुख्य काम' नाही असं व्याख्येतच लिहिलंय. (सफाई हाच कंपनीचा धंदा असेल तर गोष्ट वेगळी.) म्हणजे ही कामं ठेकेदाराकडे द्यायला कायद्याची आडकाठी नाही. तुमच्या-माझ्या ऑफिसात फरशी पुसणाऱ्या मावशींचं आयकार्ड बघा, त्यावर वेगळ्याच कंपनीचं नाव असतं.

आता याचा बॅटरीशी संबंध लावून बघा. मशीन कंपनीचं किंवा ठेकेदाराचं. चालवणारा माणूस ठेकेदाराचा आणि तो सहा महिन्यांनी दुसऱ्या साइटवर. सुपरवायझर बदलतो. ठेका वर्षा-दोन वर्षांचा. अशात डिस्टिल्ड वॉटरचा कॅन कोणी मागवायचा? ज्याला पाणी घालायचंय त्याला बॅटरी मेल्याचा तोटा नाही आणि ज्याला तोटा आहे तो मशीनच्या जवळ कधी जात नाही. हाताळणाऱ्याला प्रशिक्षण द्यायचं तर तो पुढच्या दिवाळीला असेल का याची खात्री नाही. मग बॅटरी वर्षात बसते आणि लोक म्हणतात, माल खराब होता.

लिथियम शिरतं ते इथे. १९९१ मध्ये सोनीने पहिली लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली ती कॅमेऱ्यासारख्या छोट्या वस्तूंसाठी. त्यातल्या कोबाल्टच्या रसायनाचा धोका असा, की फार तापलं तर त्यातूनच ऑक्सिजन सुटतो आणि आगीला बाहेरच्या हवेची वाटही बघावी लागत नाही. १९९७ मध्ये टेक्सास विद्यापीठातून लोह-फॉस्फेटवरचा शोधनिबंध आला. लेखकांची नावं बघा : पाढी, नंजुंडस्वामी आणि गुडइनफ. त्यातले अक्षय पाढी आणि के. एस. नंजुंडस्वामी ही दोघं आपल्याकडची. गुडइनफ आजोबांना २०१९ मध्ये ९७ व्या वर्षी नोबेल मिळालं, ते मुळात आधीच्या कोबाल्टच्या कामासाठी. लोह-फॉस्फेटमध्ये ऑक्सिजन फॉस्फरसला घट्ट धरून बसतो, सहजासहजी सुटत नाही. यालाच बाजारात एलएफपी म्हणतात.

एलएफपीचा दोष म्हणजे त्याच वजनात वीज थोडी कमी मावते. फोनला हे परवडत नाही. स्क्रबरला? त्याला वजनाचं काय सोयरसुतक! उलट शिशाच्या बॅटऱ्या काढल्या तर काही मशिन्स इतकी हलकी होतात की चाकांची पकड सुटते आणि वजन म्हणून लोखंड टाकावं लागतं. म्हणून माझं सरळ मत : फरशीच्या मशीनला लिथियम घ्यायचंच तर एलएफपी. कोटेशनमध्ये नुसतं 'लिथियम' लिहिलं असेल तर आधी विचारा, कुठलं?

पण लिथियमची खरी गोष्ट रसायनात नाहीच, तिच्या आतल्या सर्किटमध्ये आहे. बीएमएस म्हणतात त्याला. प्रत्येक सेलचं व्होल्टेज बघतं, तापमान बघतं, मागे पडलेल्या सेलला सांभाळून घेतं, फार रिकामी व्हायच्या आधी पुरवठा तोडतं. थोडक्यात, काका जे हायड्रोमीटरने करायचे ते. कायम नोकरीतला जो माणूस काढून टाकला, त्याची आठवण आता सर्किटमध्ये भरून विकत घेतली जातेय, जास्त पैसे देऊन. मला यात थोडी गंमत वाटते आणि थोडं वाईटही.

हे सगळं आपल्या गल्लीत यायला वेळ लागला तो किमतीमुळे. ब्लूमबर्ग एनईएफच्या पाहणीत २०१० च्या सुमारास एका किलोवॉट-अवरच्या पॅकला हजार डॉलरच्या वर पडायचे, २०२४ मध्ये सरासरी ११५ डॉलर. मधल्या काळात २०१९ मध्ये निगडी डेपोत पीएमपीच्या इलेक्ट्रिक बस आल्या, जानेवारी २०२० मध्ये चाकणला बनलेली इलेक्ट्रिक चेतक बाजारात आली आणि १ जून २०२२ ला एसटीची शिवाई पुण्याहून नगरला धावली (१९४८ ची पहिली एसटीही याच मार्गावर, याच तारखेला). करातही लिथियमला झुकतं माप होतं. २०१८ मध्ये लिथियमचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, शिशाचा २८ वरच राहिला. सप्टेंबर २०२५ पासून दोन्ही १८, म्हणजे तुमच्या जुन्या एक्सेलमध्ये तो आकडा बदला.

आगीचं काय, हा प्रश्न साहेब विचारणारच. मार्च २०२२ मध्ये लोहगावला रस्त्याच्या कडेला उभी असलेली इलेक्ट्रिक स्कूटर पेटली, तो व्हिडिओ सगळ्यांनी बघितलाय. त्या वर्षीच्या अशा घटनांनंतर दुचाकींच्या बॅटरीसाठी एआयएस-१५६ हे मानक कडक झालं, डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत. पण ते आहे रस्त्यावरच्या वाहनांसाठी. फरशीचं मशीन त्यात बसत नाही, तेव्हा कुठल्या चाचण्या केल्यात हे आपणच लेखी मागायचं.

मित्राला मी जे सांगितलं ते असं. मशीन एकाच शिफ्टमध्ये चालणार असेल, रात्र मोकळी असेल आणि प्लांटचा स्वतःचा पर्मनंट इलेक्ट्रिशियन बॅटऱ्या बघणार असेल, तर शिसं घे, पैसे वाचव, लाज वाटून घेऊ नकोस. तीन शिफ्ट आणि ठेका असेल तर एलएफपी. समजा शिशाचा संच १०० रुपयांना आणि लिथियम चार्जरसकट २५० ला. शिसं नीट पाणी घालून तीन वर्षं चाललं तर सहा वर्षांत २०० रुपये, शिसंच जिंकलं. तेच दरवर्षी बसलं तर ६००! हिशोब असा पाण्यावर फिरतो. चार्जर मात्र बदललाच पाहिजे, शिशाचा जुना चार्जर लिथियमला लावायचा नाही. मशीनवरचा जुना मीटरही खोटं बोलतो, कारण लिथियमचं व्होल्टेज शेवटपर्यंत जवळजवळ सपाट राहतं आणि मग मशीन शॉपच्या मधोमध पटकन बंद पडतं. शिसं निदान हळूहळू दमून सांगायचं तरी.

चालवणाऱ्याचं काय? अ‍ॅसिडचे शिंतोडे नाहीत, शिसं हाताला लागत नाही, हा मोठा फायदा आणि तो शीटमध्ये नव्हता. पण शिशाच्या मशीनला आठ तास विश्रांती लागायची. लिथियम जेवणाच्या सुट्टीत चार्जिंगला लावलं की पुन्हा तयार. त्यामुळे सहाऐवजी चार मशिन्समध्ये भागेल असं कोणीतरी लगेच सुचवणार, आणि मशिन्स कमी झाली की त्यामागची माणसं किती ठेवायची हाही प्रश्न निघणार.

शेवटी भंगार. मेलेल्या शिशाला आजही रोख पैसे मिळतात, कोपऱ्यावरचा भंगारवाला आनंदाने नेतो, आणि ते कुठे कसं वितळवलं जातं हे न विचारलेलंच बरं अशी परिस्थिती अनेक ठिकाणी आहे. २००१ चे बॅटरीचे नियम फक्त शिशापुरते होते. ऑगस्ट २०२२ च्या नव्या नियमांत लिथियमही आलं आणि वापरलेली बॅटरी परत घ्यायची जबाबदारी उत्पादकावर आली. त्यामुळे पीओमध्ये एक ओळ घालून घ्या : मेलेला पॅक कोण, कधी, कुणाच्या खर्चाने नेणार. मित्राने ती घातलीये. ठेका संपला तर बॅटरी कोणाची, ही ओळ मात्र त्यांचा लीगलवाला अजून लिहितोय.