गिरणी कामगार संघटना, मुंबईतील
मुंबईच्या सुती गिरण्यांतील मजुरांनी वेतन, कामाचे तास व सेवेची शाश्वती यांसाठी उभारलेल्या संघटना. सत्यशोधक परंपरेतील नारायण मेघाजी लोखंडे (१८४८–९७) यांनी १८८४ मध्ये कामगारांच्या सभा भरवून साप्ताहिक सुटी, दुपारची विश्रांती आणि जखमी मजुरास भरपाई या मागण्यांचा अर्ज सरकारदरबारी रुजू केला. वर्गणी, सभासद वा घटना नसलेली, लोखंडे यांनी उभारलेली ती कामगारांची संस्था आजच्या अर्थाने संघ नव्हती, तथापि १८९० मध्ये मिळालेली रविवारची सुटी हे तिचेच चिरस्थायी फळ होय. १९२६ च्या कायद्याने संघांना नोंदणीचे संरक्षण लाभले आणि १९२८ च्या दीर्घ संपातून गिरणी कामगार युनियन उदयास आली.

मुंबई औद्योगिक संबंध अधिनियम, १९४६ अन्वये वाटाघाटीचा अधिकार एकाच प्रातिनिधिक संघाकडे, म्हणजे व्यवहारात राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे, एकवटला. ज्याच्यावर बहुसंख्यांचा विश्वास उरला नाही त्याच्याच हाती कायद्याने मुखत्यारी ठेवल्यामुळे साचलेला असंतोष १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांच्या संपात उसळला. तो संप विधिवत कधीच मागे घेतला गेला नाही. गिरण्या मात्र क्रमशः बंद पडल्या, त्यांच्या जमिनींवर मनोरे उठले, आणि उरलेला लढा कामगारांच्या घरांचा झाला.

२०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने एक्कावन्न टक्के सभासदत्वाच्या संघास वाटाघाटीचा अधिकार देऊ केला आहे. कंत्राटी आणि ॲपवरून काम मिळवणाऱ्या विखुरलेल्या श्रमिकांना सभासद करून घेतल्यावाचून संघटनांना यापुढे बळ येणार नाही.